परदेशातून दागिने आणताना

परदेशातून दागिने आणायचे तर सोन्याच्या भावाइतकेच वजन आणि तिथला मुक्काम पाहावा लागतो. एक वर्षाहून अधिक काळ राहून परतणाऱ्या स्त्रीला 40 ग्रॅम, पुरुषाला 20 ग्रॅम दागिने सीमाशुल्काशिवाय आणता येतात. 2016 च्या नियमांत त्यावर 1 लाख आणि 50 हजार रुपयांची मर्यादाही होती. सोन्याच्या भावापुढे ती केव्हाच तोकडी पडली. नाणी, बिस्किटे, सुटे खडे या सवलतीत बसत नाहीत.

शहापूर-मुरबाडच्या प्रवाशाने मुंबईत उतरल्यावर जादा ऐवज लाल मार्गिकेत जाहीर करावा. लपवलेला ऐवज जप्त होऊ शकतो, दंड वेगळा. इथूनच पाटल्या, हार नेत असल्यास जातानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे; परतताना वाद टळतो.

गावचा सराफ आधी शुद्धतेचा शिक्का पाहतो. 22 कॅरेटचा 916 हा आकडा दुबईच्या दागिन्यावरही सापडतो. भारतीय हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी मात्र तिथल्या दागिन्यावर नसतो. खडेजडित हाराच्या पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन आणि खड्यांचे वजन वेगळे लिहून घ्यावे, कारण मोडीत बहुधा सोनेच धरले जाते.