उघड्या मोटारीचा कणा

मंडळी, आपल्या संगमेश्वरास सोनवी नदी शास्त्रीला मिळते. तिथून महामार्गावर उभं राहिलं, की तऱ्हेतऱ्हेची वाहनं दिसतात. एस.टी., ट्रक, जीप, आणि सुट्टीच्या दिवसांत मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या हौशी लोकांच्या जुन्या उघड्या मोटारीसुद्धा. अशाच एका मोटारीनं मला आजचा विषय दिला. तुम्ही म्हणाल, आम्हांला काय करायच्या आहेत शौकिनांच्या मोटारी? पण थोडं ऐका. त्यात जो धडा आहे तो शेताच्या फाटकापासून होडीपर्यंत सगळीकडे लागू पडतो. आणि शिक्षकांना तर वर्गात करून दाखवण्याजोगे दोन प्रयोगही त्यात मिळतील.

मोटार होती जुनी, विलायती, दोन माणसांची, टप मागं पाडलेली. देवरुखच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात ती आली. मालकाची तक्रार अशी, की खड्ड्यातून गेलं की स्टिअरिंग थरथरतं आणि पुढच्या काचेच्या कोपऱ्याशी पत्रा चिरतो. आमच्या मिस्त्रींनी काही न बोलता दारं लावली, पुढच्या एका कोपऱ्याखाली जॅक लावला आणि चाक जरासं उचललं. मग मालकाला म्हणाले, "साहेब, आता दार उघडा बघू." दार उघडेना. कसंबसं उघडलं, तर परत लागेना. मिस्त्री म्हणाले, "गाडीचा कणा गेलाय. दार खोटं बोलत नाही."

मालक म्हणाले, "अहो, गेल्याच वर्षी तळाला चांगला जाड पत्रा मारून घेतलाय!" मिस्त्री हसले. "जाड मारलात, पण नको तिथं मारलात."

या एका वाक्यात सगळं शास्त्र आहे. ते आपण उलगडून पाहू.

चपलांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकण काढा आणि दोन टोकं धरून पिळा. खोका फडक्यासारखा पिळला जाईल. आता झाकण नुसतं वर ठेवा नि पिळा; फारसा फरक नाही. मग तेच झाकण कडेकडेनं खळीनं चिकटवा, वाळू द्या, आणि पुन्हा पिळून पाहा. खोका हटून बसेल! पुठ्ठा तोच, जाडी तीच. सहाही बाजू एकमेकींना धरून राहिल्या, म्हणून बळ आलं.

बंद मोटार हा असाच चिकटवलेला खोका. मुंबईत कुर्ल्याला पूर्वी तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आठवा. तिला खाली वेगळी चासी नव्हती. तळ, बाजू, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा. म्हणून अशा गाडीचं छप्पर कुणी हौसेनं कापलं, तर तो नुसता पत्रा कापत नाही, गाडीची एक बरगडी काढून घेतो. याउलट मद्रासेस १९६१ पासून बनू लागलेल्या स्टँडर्ड हेराल्डला खाली वेगळी लोखंडी चासी होती आणि वरचा साज नटबोल्टनं बसवलेला होता. तिचं छप्पर काढलं तरी मुख्य भार खाली राहत असे. इंग्लंडातल्या लोटस कंपनीनं १९६२ साली एलान नावाची उघडी मोटार काढली. तिचा साज फायबरचा. पण गाडीच्या मधोमध पोलादी पत्र्याची एक बंद पेटी, माणसाच्या पाठकण्यासारखी. छप्पर नाही, तर बळ दुसरीकडे कुठं ठेवायचं, याचं ते उत्तर होतं.

हे उत्तर आपल्या कोकणाला नवीन आहे का? बुरुडाची टोपली पाहा. काठ बांधायच्या आधी ती लुळी असते, काठ वळला की त्याच टोपलीतून भाताचं ओझं जातं. होडीला तरी कुठं छप्पर असतं? पण तिचा काठ जाड असतो, आतून वाकं असतात, आणि या काठापासून त्या काठापर्यंत आडव्या फळ्या. आपण त्यांवर बसतो, म्हणून त्या बसण्यासाठीच आहेत असं वाटतं. खरं म्हणजे त्या होडीच्या दोन बाजू धरून ठेवतात. उघड्या मोटारीलाही हेच लागतं: मजबूत काठ आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या.

मोटारीचा काठ म्हणजे दाराखालचा लांब पोकळ पट्टा. त्याला आपण गाडीचा उंबरठा म्हणू. आणि तो पोकळ का, हा दुसरा प्रयोग. कापडाच्या दुकानात पुठ्ठ्याच्या लांब नळ्या मिळतात. एक नळी दोन हातांनी पिळून पाहा, पिळवत नाही. आता तिला लांबीच्या दिशेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक चीर द्या. पुन्हा पिळा. लगेच पिळली जाते! पुठ्ठा तर तुम्ही कणभरही कमी केला नाही.

गणित शिकवणाऱ्यांसाठी हिशोब सांगतो. नळीची त्रिज्या तिच्या जाडीनं भागा, येईल त्याचा वर्ग करा आणि तिप्पट करा. पातळ नळीला चीर पडली, की पिळाविरुद्धचं तिचं बळ साधारण तितक्या पटींनी कमी होतं. त्रिज्या २५ मिलिमीटर आणि जाडी २ मिलिमीटर असेल तर? साडेबाराचा वर्ग १५६, त्याची तिप्पट सुमारे ४६८. एका चिरेनं इतकं बळ जातं!

आता त्या विलायती गाडीचं दुखणं ध्यानात येईल. आपल्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. उंबरठ्यात पाणी शिरलं, निचऱ्याची भोकं मातीनं बुजली, आणि पोकळ पट्टा आतून गंजून फाटला. म्हणजे नळीला चीर पडली. वर रंग चकचकीत, आत खपल्या. अशा वेळी तळाला सपाट जाड पत्रा मारला, तर वजन वाढतं, चीर तशीच राहते.

मग करायचं काय? मिस्त्रींनी केलं ते क्रमानं सांगतो.

पहिलं काम मोजणीचं. गाडी सपाट जागी उभी केली. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण दोन्ही बाजूंना मोजले आणि भिंतीवर खडूनं लिहून ठेवले. डावी-उजवी बाजू जुळत नसेल, तर गाडी वाकलेली आहे. वाकलेल्या गाडीला पक्कं केलं, तर वाकडेपणाच पक्का होतो.

दुसरं, आधार. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. पक्क्या लोखंडी घोड्या हव्यात. त्या चाकांच्या जवळ लावाव्या, म्हणजे गाडीचं वजन नेहमीच्या जागीच राहतं. दाराच्या मोकळ्या चौकटीत चौकोनी पाइपाची तात्पुरती कैची मारावी आणि मगच गंजका उंबरठा कापावा. तोही एका वेळी एकाच बाजूचा. दोन्ही बाजू एकदम कापल्या, तर गाडी मधोमध बसते. आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडावी, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी. इथं आळस केला तर जीव जातो.

तिसरं, जोडणी. गंजका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा. गंजावर ठिगळ टिकत नाही. नवा उंबरठा सर्व बाजूंनी बंद करायचा. आधी टाके मारायचे, मोजायचं, मग थोडं इथं थोडं तिथं असं वेल्डिंग करायचं. एका दमात लांब शिवण घातली, की उष्णतेनं पत्रा ओढला जातो आणि दार पुन्हा अडतं.

चौथं, आडव्या. दोन उंबरठे पुढं आणि मागं मजबूत पोकळ आडव्यांनी जोडायचे, आणि तळाला पाइपाची कैची टाकायची. फाटकाला तिरका दांडा नसला तर ते झुकतं, हे कुणब्याला सांगावं लागत नाही. चौकोन ढळतो, त्रिकोण ढळत नाही. तेच इथं.

शेवटी निचऱ्याची भोकं मोकळी ठेवायची आणि पोकळीत गंजरोधक मेण किंवा तेल सोडायचं. ही भोकं बुजवणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

काम झाल्यावर मिस्त्रींनी पुन्हा तोच कोपरा जॅकवर उचलला. दार एका बोटानं उघडलं, एका बोटानं लागलं. मालक साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला गेले. तिथून त्यांनी फोन केला, की आता वळणावर गाडी सांगू तिथं जाते. त्याचं कारणही साधं आहे. सांगाडाच स्प्रिंगसारखा हलत असेल, तर खऱ्या स्प्रिंगांना आणि शॉकअॅब्सॉर्बरला आपलं काम करता येत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. जुनी जीप किंवा ट्रक यांची चासी शिडीसारखी असते आणि ती थोडी पिळावी, अशीच तिची घडण असते. तिला उगाच जागोजाग वेल्डिंग मारून ताठ केलं, तर ती वेल्डिंगच्या कडेला तडकते. आणि धडधाकट बंद गाडीचं छप्पर कापून तिची उघडी मोटार करू नका. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्यानं ठरवलेल्या मूळ बांधणीत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही हीच गोष्ट ठासून सांगितली. मुळात उघडी असलेली गाडी मूळच्यासारखी पक्की करणं ही दुरुस्ती. चांगली गाडी कापणं हा धोका.

गुरुजींनो, खोका आणि नळी या दोन वस्तूंना खर्च काही नाही. मुलांच्या हातात द्या. बळ जाडीत नसतं, ते जोडणीत असतं, हे त्यांच्या बोटांना एकदा कळलं की पुस्तकात वाचलेलं विसरत नाही. आणि तुमच्यापैकी कुणी जुनी मोटार विकत घ्यायला निघाला, तर रंगाकडे नंतर पाहा. आधी एक कोपरा उचला आणि दार उघडून बघा. मिस्त्री म्हणाले तेच खरं: दार खोटं बोलत नाही.