विदूषक माशाची घरगुती पैदास

आमच्या कुरकुंभहून समुद्र फार लांब. मध्ये सह्याद्री उभा, पाऊस बेताचा, उन्हाळा कडक. अशा गावात कोणी समुद्रातले मासे पाळू लागला, तर लोक हसणारच. आमच्या शेजारचे आजोबा म्हणाले, "मास्तर, इथं गोड्या पाण्याची मारामार, अन् तुम्ही खारं पाणी करत बसलात!"

विदूषक मासा, म्हणजे क्लाउनफिश, हा नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला बोटभर मासा. समुद्रफुलाच्या दंश करणाऱ्या पाकळ्यांत तो निर्धास्त राहतो. शोभेचे समुद्री मासे बहुतेक प्रवाळांतून पकडून आणलेले असतात. हा मासा मात्र टाकीत, समुद्रफूल नसतानाही, अंडी घालतो. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास आपल्या देशात यशस्वी केली आहे. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रातही ती झाली आहे. घरी वाढलेला प्रत्येक मासा म्हणजे समुद्रातला एक मासा वाचला, असा माझा हिशेब.

आता माझी फजिती सांगतो. मोठी टाकी आणली, जोडी आणली, आणि वर्षभराने अंडीही पडली. आठव्या रात्री शेकडो पिल्ले बाहेर आली. घरात पेढे वाटले! तिसऱ्या दिवशी टाकीत एकही पिल्लू जिवंत नव्हते. ती उपाशी मेली. त्यांच्या तोंडात मावेल असे अन्न मी तयारच ठेवले नव्हते. वैरणीची सोय न करता दावणीला गाय बांधावी, तसे झाले.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की ही व्यवस्था शेवटापासून मांडायला घ्या. आधी पिल्लांचे अन्न, मग पिल्लांची टाकी, आणि शेवटी जोडी.

पिल्लांना पहिला आठवडाभर रोटिफर लागतो. हा खाऱ्या पाण्यातला, ठिपक्याएवढा जीव हिरव्या सूक्ष्म शेवाळावर वाढतो. तो दोन बरण्यांत वाढवावा. एक नासली तरी दुसरी हाताशी राहते. पुढे आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्ले द्यावीत.

पिल्लांची टाकी चाळीसएक लिटरची, बाजूंनी काळी रंगवलेली, मंद उजेडाची असावी. ती मोठ्या पाण्याच्या फेऱ्याला जोडू नये, नाहीतर पिल्ले आणि त्यांचे अन्न दोन्ही पंपात ओढले जातात. हवेचे बुडबुडे अगदी हळू सोडावेत.

जोडीची टाकी शंभरएक लिटरची, मांडणीच्या वरच्या फळीवर. तिचे वाहून जाणारे पाणी आपल्या वजनाने खालच्या गाळणीच्या टाकीत उतरावे, आणि तिथून एकाच पंपाने वर चढावे. वीज गेली की वरचे थोडे पाणी खाली येते. तेवढी जागा खालच्या टाकीत रिकामी हवी. नाहीतर घरभर पाणी होते. वर चढणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीशी बारीक भोक ठेवावे, म्हणजे पाणी उलट ओढले जात नाही. हवेचा छोटा पंप बॅटरीवर चालणारा असावा. आपल्याकडे विजेचा भरवसा नसतो.

गाळणीत माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. हे विरजणासारखे आहे. घाई केली तर दही लागत नाही. तोवर मासे आणू नयेत.

पाणी गाळणयंत्राचे शुद्ध घ्यावे. त्यात समुद्री टाकीसाठी मिळणारे मीठ लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम घालावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. उन्हाळ्यात पाणी उडून जाते, मीठ मात्र मागे राहते. तेव्हा घट भरून काढताना गोडे पाणीच घालावे. इतके जपले, की आजोबांना वाटते तेवढे पाणी लागत नाही.

शिक्षकबंधूंना एक गंमत सांगतो. दोन लहान पिल्ले एकत्र वाढवली, की मोठे ते मादी होते, धाकटे नर. मादी गेली तर नरच मादी होतो! अंडी मातीच्या कुंडीच्या पोटावर घातली जातात, आणि नर रात्रंदिवस त्यांना पंख्याने वारा घालतो. फुटण्याच्या संध्याकाळी ती कुंडी हलक्या हाताने पिल्लांच्या टाकीत न्यावी, आणि अंड्यांजवळ बुडबुडे सोडावेत. वर्गात मुलांना हे एवढे दाखवता आले, तरी विज्ञानाचा एक तास सार्थकी लागला म्हणावे.

दुसऱ्या खेपेला बरण्या आधी तयार होत्या. एकोणीस पिल्ले जगली. आजोबा रोज संध्याकाळी येऊन बसत. परवा म्हणाले, "हा बाप माझ्यापेक्षा चांगला निघाला. मी पोरांना कधी वारा घातला नाही." मी हसलो, पण ते हसले नाहीत.

करून पाहायचे असेल तर आधी एक बरणी हिरवी होऊ द्या. जोडीची घाई नको.