खैरात आणि हक्क

'खैरात' आणि 'हक्क' हे दोन्ही शब्द अरबीतून आले आणि मराठीच होऊन गेले. गरिबाला मिळणाऱ्या सरकारी मदतीची आपल्याकडची दीडशे वर्षांची कहाणी या दोन शब्दांत सांगता येते.

१८७६ ते १८७८च्या दुष्काळात इंग्रज सरकारनं दुष्काळी कामं काढली. दौंड-मनमाड लोहमार्गाचं मातीकाम त्यातलंच. पण साहेबाच्या मनात संशय होता, की मदत सढळ दिली तर माणसं आळशी होतील. इंग्लंडात १८३४च्या कायद्यानं मदत मागणाऱ्याला वर्कहाऊसमध्ये धाडलं जाई आणि तिथलं जिणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षाही कष्टाचं ठेवलं जाई. इथं सर रिचर्ड टेंपल यांनी हिशेब मांडला, की दिवसभर राबणाऱ्याला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत. १८७७च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात मजुरी घटली, तेव्हा हजारो उपाशी मजूर काम सोडून उठले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढं मांडली. त्याच वर्षी महात्मा फुले आणि सत्यशोधक समाजानं धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला.

मजूर उठले खरे. पण सरकारी काम ही खैरातच राहिली. तिचा हक्क व्हायला शंभर वर्षं लागली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. मागणाऱ्याला १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५मध्ये आला तो या योजनेसाठीच. शहरानं कमवावं आणि खेड्यातल्या रिकाम्या हातांना काम मिळावं, असा तो सरळ व्यवहार होता. जकातीमागचा विचारही हाच आहे. देणारा उपकार करत नाही; त्याच्या संपत्तीत गरिबाचा वाटा असतोच, तो फक्त पोचवायचा.

श्रोतेहो, आता आमच्या धायरीकडे या. २०१७ मध्ये हे गाव पुणे महापालिकेत आलं. महापालिका आली, की ग्रामीण रोजगाराची हमी संपते. केंद्राचा २००५चा कायदाही ग्रामीण भागापुरताच होता. म्हणजे गावाची पाटी बदलली आणि मजुराच्या हातचा हक्क गेला. शेत विकलं गेलेला, मजूर अड्ड्यावर डबा घेऊन उभा राहणारा माणूस दहा वाजले तरी कुणी न बोलावल्यानं घरी परततो, तेव्हा त्याचं काम मागणं नोंदवून घेणारी खिडकी या शहरात नसते.

केरळनं २०१० मध्ये अय्यनकाळी यांच्या नावानं शहरी रोजगार हमी सुरू केली. हमीचा पहिला कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड का वाटावं? भूक महापालिकेची हद्द ओळखत नाही. कायद्यानंही ती ओलांडावी.