नाव घेतले नाही म्हणून
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



परदेशातील अनुभव सांगा, असा मंडळाचा आग्रह आहे. नायगाराचा धबधबा मीही पाहिला. पण त्याचे वर्णन आपण पुष्कळ ऐकले असेल. मी बोलणार आहे डुकराच्या खारवलेल्या मांसाविषयी. नाके मुरडू नका! मी जन्मात ते खाल्लेले नाही, म्हणूनच बोलते आहे.

टोरांटोला मुलीकडे असताना एका शनिवारी आम्ही तिथल्या सेंट लॉरेन्स मार्केटात गेलो. नातीने एका दुकानी 'पीमील' मागितले. 'पी' म्हणजे वाटाणा आणि 'मील' म्हणजे भरडे पीठ, एवढे इंग्रजी मला येते. वाटाण्याच्या पिठाचे धिरडे पावात घालून देत असतील असे समजून मी म्हटले, "मलाही एक घास दे गं." घास तोंडाशी नेला तोच मुलीने माझा हात धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ते बेकन होते. डुकराच्या पाठीचे मांस मिठाच्या पाण्यात मुरवून पूर्वी वाटाण्याच्या पिठात घोळवीत. आता मक्याच्या पिठात घोळवतात, नाव मात्र वाटाण्याचेच राहिले. जावई तिकडचाच, तेव्हा घरात हे शिजणारच. पण आईसमोर 'बेकन' हा शब्द काढायचा नाही, असे माझ्या येण्याआधीच ठरले होते. आपण पूर्वी नवऱ्याचे नाव घेत नसू, तसेच!

मला त्या घासापेक्षा लपवालपवीचा राग आला. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी नातीला जवळ बसवून म्हटले, "आता याची सगळी नावे मला सांग."

काय ती नावे! इंग्लंडात बेकन मागितले तर बहुधा पाठीचे काप मिळतात. अमेरिकेत पोटाचे, चरबीच्या पट्ट्यांचे. त्यांना इंग्रज 'स्ट्रीकी' म्हणतात. एका कापाला 'रॅशर', आणि खारवलेल्या मागच्या मांडीला 'गॅमन'. अमेरिकेतले 'कॅनेडियन बेकन' हे धुरी दिलेले गोल काप. ते म्हणजे पीमील नव्हे. इटलीत पोटाचे ते 'पांचेत्ता', गालाचे ते 'ग्वांचाले'. नावेही पोटावरून नि गालावरूनच पडलेली. 'स्पेक' म्हणजे जर्मनीत चरबीचा थर, तर इटलीच्या उत्तरेकडील डोंगरात धुरी दिलेली मांडी. फ्रेंचांचे 'लार्दों' म्हणजे त्याचेच बारीक तुकडे. ते 'कीश लोरेन' नावाच्या अंड्याच्या पदार्थात असे दडलेले असतात, की वरून काही कळू नये.

म्हणून ज्या भगिनी मुलांकडे जाणार असतील त्यांनी "यात बेकन आहे का?" असे विचारू नये. वाढणारा पांचेत्ता घालून "नाही" म्हणेल, आणि ते त्याच्या परीने खरेही असेल. "यात डुकराचे काही आहे का?" असेच सरळ विचारावे. लाजू नये.

नात अजून पीमील खाते. आता माझ्यासमोर नाव घेऊन खाते, आणि मी शेजारी बसून माझे थालीपीठ खाते. तवे मात्र दोन आहेत.