चांदीचा रुपया आणि तांब्याची शिवराई

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी पेशाने आयटी कन्सल्टंट, शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर. त्यामुळे मी नाण्यांवर बोलणार म्हटल्यावर कार्यकारिणीत दोघा-तिघांनी "म्हणजे बिटकॉइन का?" असं विचारलं. नाही हो! हातात घेतल्यावर वजन लागतं आणि फरशीवर पडलं की वाजतं, त्या नाण्यांबद्दल मी बोलतोय.

निमित्त झालं पुण्याहून आलेल्या बाबांच्या फोनचं. आमच्या आजीचा एक पितळी डबा आहे. लक्ष्मीपूजनाला तो निघायचा, रुपये घासूनपुसून चौरंगावर मांडले जायचे आणि भाऊबीज झाली की पुन्हा कपाटात. बाबा म्हणाले, "चांदीचा भाव बरा आहे. सराफाकडे मोड घालून टाकू का? तुम्ही दोघं भावंडं बाहेर, इथे सांभाळणार कोण?" मग पुढे म्हणाले, "खाली सात-आठ काळी नाणी आहेत, ती तांब्याची. सराफाने ती वजनातच घेतली नाहीत."

मी त्यांना एकेका नाण्यावरचं साल फोनवर वाचायला लावलं आणि एक्सेल शीट केली. (सवय जात नाही!) बहुतेक रुपये पंचम जॉर्जचे, १९१३ ते १९२० मधले. असे रुपये कोट्यवधींनी पाडले गेले. वजन एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. बाजारात त्यांना चांदीच्या भावापेक्षा फार जास्त मिळत नाही. अपवाद १९११ सालाचा. त्यावर राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंबाबोंब झाली आणि सरकारला नाणं मागे घ्यावं लागलं. १९१२ पासून हत्तीची सोंड नीट काढली. असा 'डुकराचा रुपया' डब्यात निघाला तर लॉटरीच! आमच्याकडे नव्हता.

आता काळ्या नाण्यांकडे येतो. ती निघाली शिवराया. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', तेही देवनागरीत. झिजून गेल्याने निम्मी अक्षरं अंदाजाने लावावी लागतात. गंमत बघा, मराठ्यांनी चांदीचे रुपयेही पाडले. पुण्याचा अंकुशी रुपया प्रसिद्ध आहे. पण त्यावर फारसी मजकूर आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं! कारण रुपया दूरच्या बाजारात चालायला हवा, आणि लोकांचा विश्वास त्या ओळखीच्या छापावर होता. आपल्या राजाचं नाव आपल्या लिपीत राहिलं ते तांब्यावर, भाजीवाली आणि न्हाव्याच्या हातातल्या नाण्यावर. पुढचे छत्रपती आणि पेशवे यांच्या काळातही शिवराई पडतच राहिली. सराफाच्या तराजूत तिला किंमत शून्य.

म्हणून नाणी जमवायला लागलेल्या मुलांना मी सांगतो, हलक्या धातूपासून सुरुवात करा. चांदीचं नाणं घेताना डोक्यात अर्धा वेळ भाव असतो. तांबं, पितळ, निकेल घेताना तो नसतो, मग माणूस नाणं वाचायला लागतो. शिवाय इतिहास तिथेच जास्त घडलाय असं मला वाटतं. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली की रुपया वितळवणं फायद्याचं ठरू लागलं. १९१७ मध्ये सरकारने एक रुपयाची नोट काढली, १९१८ मध्ये अमेरिकेकडून सुमारे २० कोटी औंस चांदी मागवली, आणि दोन, चार, आठ आणे तांबे-निकेलच्या मिश्रणात पाडले. त्यातलं आठ आण्याचं नाणं १९१९-२० मध्येच काय ते निघालं. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया पूर्ण निकेलचा, लोहचुंबकाला चिकटणारा. राज्य बदलत होतं आणि नाण्याचा धातूही.

आणि आपण राहतो ती जागा? मोत्यांच्या व्यापाराच्या काळात इथे आपलाच रुपया चालायचा. सोबत मारिया थेरेसाचा चांदीचा थेलर, ज्यावर कधीही पाडला तरी साल १७८०! दुसऱ्या महायुद्धात तो आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडला गेला. १९५९ मध्ये सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालायला भारताने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. सुटे पैसे मात्र आपलेच, नवे पैसेवाले. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि इथल्या राज्यांनी रुपयाला रामराम ठोकला. दुबईने कतारबरोबर रियाल काढला, अबू धाबीने बहरीनचा दिनार घेतला, आणि १९ मे १९७३ ला दिरहॅम आला. त्यातलं एकही नाणं चांदीचं नव्हतं. हे माझ्या मुलीला पाठ्यपुस्तकातून नाही, पंचवीस फिल्सवरच्या हरणामुळे कळलं.

तिच्या वहीत आज जुना मोठा दिरहॅम आणि १९९५ नंतरचा लहान दिरहॅम शेजारी शेजारी आहेत, कॉफीची सुरई तीच. निरनिराळ्या संस्थांच्या वर्धापनदिनांचे दिरहॅमही आहेत, सुपरमार्केटच्या सुट्ट्यांतून काढलेले, प्रत्येकी खर्च एक दिरहॅम. अरबी आकडेही ती त्यातूनच शिकली. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा दिसतो, त्यावरून घरात बरीच भांडणं झाली.

दोन सूचना करतो. नाणी चिंच, लिंबू, पितांबरी लावून घासू नका. लक्ष्मीपूजनाचे रुपये घासले तर मी आईशी भांडणार नाही, पण शिवराई घासली तर तिच्यावरची उरलेली अक्षरंही जातील. आणि इथल्या दमटपणात पीव्हीसीचे पाकीट वापरू नका, तांब्यावर हिरवा चिकट थर येतो.

दुसरी जास्त महत्त्वाची. "सुटीत जाऊ तेव्हा डबा इकडे घेऊन येऊ" असं आमच्या घरीही ठरत होतं. तसं करू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाहीत. शिवराई तर नाहीच, १९१३ चा रुपयाही नाही. आजीचं आहे, ही सबब विमानतळावर चालत नाही.

तेव्हा डबा पुण्यातच आहे. बाबांना मी म्हटलं, मोडायचेच तर पार गुळगुळीत झालेले रुपये मोडा, बाकीचे ठेवा, आणि काळ्या नाण्यांना हात लावू नका. त्यांनी सहा मोडले. शिवरायांचे फोटो मी नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेकडे पाठवणार आहे, कारण बाजारात नकली शिवराया फार आहेत आणि आपलं घरचं नाणं म्हणून ते खरंच असेल असं नाही.

माझी इथली नाणी मागच्या टेबलावर मांडली आहेत. मुलांनो, हातात घेऊन बघा, फक्त कडेला धरा. आणि मंडळातल्या ज्येष्ठांपैकी कुणाच्या ड्रॉवरमध्ये १९६६ चं कतार-दुबईचं नाणं पडलं असेल, तर मला जेवणाच्या रांगेत गाठा.