टेबलाच्या अलीकडचा प्रेक्षक

(पांढरकवडा येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



या तालुक्याचे नाव केळापूर. तहसील कार्यालय मात्र पांढरकवड्यास. सातबाऱ्यावर 'तालुका केळापूर' असे वाचून एखादा नवखा माणूस जगदंबेच्या केळापुरात उतरला आणि तहसील शोधू लागला, तर त्याला देवीचे दर्शन घडेल, तहसीलदारांचे घडणार नाही. कागदावर एक आणि जागेवर दुसरे, हा प्रकार जिथे पत्त्यापासूनच सुरू होतो, तिथल्या माणसाला सरकारी कार्यालयावरचा विनोद समजावून सांगावा लागत नाही. तहसील, पंचायत समिती, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, वीज कंपनी, आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय, एवढी सारी दारे या एका गावात आहेत. पोडावरचा कोलाम बांधव असो की कापूस पिकवणारा कुणबी शेतकरी, वर्षातून काही दिवस त्याला या दारांपुढे काढावेच लागतात.

कार्यालयावर बेतलेल्या विनोदी मालिका आणि त्यांविषयी प्रेक्षकांचे मत, हा विषय वरवर पाहता फावल्या वेळचा आहे. परंतु मालिकेवरचे मत हे बहुधा मालिकेविषयी नसतेच. टेबलाच्या कोणत्या बाजूस बसून ती पाहिली, यावर ते ठरते.

२००१ साली 'सब' वाहिनीवर 'ऑफिस ऑफिस' सुरू झाली. ही वाहिनी अधिकारी बंधूंची, म्हणजे मराठी माणसांची. पुढे २००५ मध्ये ती सोनीकडे गेली. राजीव मेहरा यांच्या या मालिकेत पंकज कपूर यांनी मुसद्दीलाल नावाचा साधा नागरिक उभा केला. त्याच्यासमोर पाच-सहा ठरलेले कर्मचारी असत. मनोज पाहवा यांचा सदा खादाड भाटिया, संजय मिश्रांचा पान चघळणारा शुक्ला, हेमंत पांडे यांचे पांडेजी, देवेन भोजानींचा 'दो बातें' सांगणारा पटेल आणि आपल्या आसावरी जोशी यांच्या उषाजी. मुसद्दीलाल काहीही बोलला, तरी उषाजींचे उत्तर 'वही तो!' एवढेच.

या मालिकेची खरी खुबी संवादांत नव्हती. दर भागात कार्यालय बदलत असे. आज रुग्णालय, उद्या वीज, परवा आणखी काही. परंतु खुर्च्यांवर माणसे तीच आणि नावेही तीच. महानगरातील प्रेक्षकाला ही खर्च वाचविण्याची युक्ती वाटली असेल तर नवल नाही. तालुक्याच्या प्रेक्षकाला मात्र ते यथातथ्य वर्णन वाटते. दाखला कोणताही मागा, 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे वाक्य सर्वत्र एकच. वीजजोडणीसाठी गेलेला माणूस जातीच्या दाखल्यासाठी दुसऱ्या दारात उभा राहतो, तेव्हा समोरचा चेहरा वेगळा असूनही तो त्याला कालचाच वाटतो. या बारीक निरीक्षणासाठी तरी ही मालिका लक्षात राहावी.

तिच्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो फेटाळून लावण्याजोगा नाही. ज्या घरातील कर्ता पुरुष कारकून, तलाठी वा ग्रामसेवक आहे, त्या घराला असले कार्यक्रम बोचतात. एकेका तलाठ्याकडे अनेक गावे, रिक्त पदे, वरून येणाऱ्या परिपत्रकांचा मारा, निवडणूक आली की तिचे काम, जनगणना आली की तिचे काम. आणि पडद्यावर मात्र हाच माणूस पान थुंकताना दिसतो. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की यंत्रणेवर हसायचे तर वरच्या मजल्यावर हसा. ते काम त्याच वर्षी 'स्टार प्लस'वरील 'जी मंत्रीजी'ने केले होते. बीबीसीच्या 'येस मिनिस्टर'चा तो भारतीय अवतार. फारूख शेख त्यात मंत्री होते. मालिका सुबक होती, पण ती मंत्रालयाच्या दालनातून बाहेर पडलीच नाही. आपल्या प्रेक्षकाला मंत्रालयातील सचिव माहीत नसतो. त्याला शुक्ला माहीत असतो. म्हणून 'ऑफिस ऑफिस' घराघरांत शिरली आणि 'जी मंत्रीजी' जाणकारांपुरती राहिली. कारकुनाच्या घरावर यात थोडा अन्याय झाला, हे मान्य केले पाहिजे.

परदेशातील गोष्ट याहून निराळी आहे. २००१ मध्येच ब्रिटनमध्ये 'द ऑफिस' आली आणि २००५ मध्ये तिची अमेरिकी आवृत्ती निघाली. दोन्हींतील कचेरी कागद विकणाऱ्या कंपनीची. तेथे कॅमेरा आत बसलेला आहे. हसायचे ते साहेबावर आणि सहकाऱ्यांवर. बाहेरून अर्ज घेऊन येणारा माणूस त्या कथेत जवळपास नाहीच. त्याच ब्रिटनमध्ये २००३ साली 'अॅब्सोल्यूट पॉवर' दूरचित्रवाणीवर आली. स्टीफन फ्राय आणि जॉन बर्ड यांची ही मालिका आधी रेडिओवर गाजली होती. तिच्यातील कचेरी जनसंपर्काचा धंदा करते. कोणाची तरी अब्रू गेलेली असते. ती शब्दांची आणि छायाचित्रांची डागडुजी करून परत मिळवून देणे हा तिचा व्यवसाय. सत्य काय आहे हा प्रश्न तिथे कोणालाच पडत नाही. दिसावे काय, एवढाच प्रश्न.

अशी मालिका आपल्याकडे रुजली नाही. याचे कारण शोधायला दूर जाण्याची गरज नाही. आपल्या शासनव्यवहारात 'जनसंपर्क' हा शब्द आहे, माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, त्याचे 'लोकराज्य' मासिक आहे, जिल्ह्याला माहिती कार्यालय आहे. पण सामान्य माणूस ज्याला जनसंपर्क समजतो तो खिडकीपाशी घडतो. खिडकीच्या मागे बसलेल्याने मान वर करून पाहिले, तर संपर्क झाला. नाही पाहिले, तर नाही झाला. प्रतिमेचा कारभार कुठेतरी दूर चालतो आणि गावाला तो गाड्यांच्या ताफ्याच्या रूपाने अधूनमधून दिसतो.

यवतमाळ जिल्ह्याने असे ताफे पुष्कळ पाहिले. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात यवतमाळ होता. २००८ मध्ये राहुल गांधी यांनी याच जिल्ह्यातील जळका गावच्या कलावतीबाईंचे नाव लोकसभेत घेतले आणि त्या रातोरात देशाला ठाऊक झाल्या. २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी यांनी आर्णी तालुक्यातील दाभडीत 'चाय पे चर्चा' केली. पक्ष वेगळे, हेतूही वेगळे असतील. परंतु प्रत्येक वेळी शेतकऱ्याचे अंगण कॅमेऱ्यांनी भरून गेले. कॅमेरे परत गेल्यावर त्या अंगणात काय उरले, याची बातमी क्वचितच झाली.

हीच गोष्ट एका चित्रपटाने उपहासाने मांडली, तेव्हा पहिला निषेध याच मुलखातून उठला. अनुषा रिझवी यांचा 'पीपली लाइव्ह' १३ ऑगस्ट २०१० रोजी प्रदर्शित झाला. कर्जापायी जमीन जाणार म्हणून नत्था नावाचा शेतकरी आत्महत्येचा विचार करतो आणि त्याच्या दाराशी वृत्तवाहिन्यांची जत्रा भरते. शासन त्याला 'लाल बहादूर' योजनेतून हातपंप देते, पण तो बसविण्याची तरतूद नसते. लोखंड दारात पडून राहते. विदर्भ जनआंदोलन समितीने या चित्रपटावर बंदीची मागणी केली. समितीचे किशोर तिवारी पांढरकवड्याचे. शेतकऱ्यांच्या मरणाची थट्टा केली, असा समितीचा मुद्दा होता.

दिल्ली-मुंबईच्या वृत्तपत्रांत तेव्हा या निषेधाला फारसे गांभीर्याने घेतले गेले नाही. विनोद न कळणाऱ्यांचा त्रागा, असा एकंदर सूर होता. हा सूर योग्य नव्हता. बंदीची मागणी अनाठायी होती, कारण चित्रपटाचा रोख नत्थावर नसून त्याच्या भोवती जमलेल्यांवर होता. हातपंपाचा प्रसंग तर ज्याने अनुदानाची फाइल पाहिली आहे त्याने उचलून धरावा असा आहे. पण ज्या घरात तेरावे नुकतेच झाले आहे, त्या घराला हे बारकावे कोण समजावून सांगणार? चित्रपटगृहात लोक हसतात ते नेमके कशाला, हे त्या घरातील माणसाला कळण्याचा मार्ग नसतो. त्याला केवळ हसणे ऐकू येते. 'आमच्याविषयी, पण आम्हांला न विचारता' ही तक्रार त्या निषेधात होती आणि ती खरी होती.

शेतकरी आत्महत्येनंतर शासन कुटुंबाला १ लाख रुपयांचे साहाय्य देते. जानेवारी २००६ च्या निर्णयानुसार त्यातील ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीच्या रूपाने. परंतु त्याआधी प्रकरण जिल्हास्तरीय समितीपुढे जाते आणि 'पात्र' की 'अपात्र' असा शेरा पडतो. सातबारा, कर्जाचा दाखला, वसुलीची नोटीस, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, अशी कागदपत्रे लागतात. जमीन वडिलांच्या नावावर राहिलेली, कर्ज बँकेचे नसून खासगी सावकाराचे, अशा कारणांनी कितीतरी प्रकरणे अपात्र ठरली. नियमाविना सरकारी पैसा देता येत नाही, हे खरेच आहे. पण कपाळावरचे कुंकू नुकतेच पुसलेल्या बाईला नवऱ्याचे मरण 'पात्र' होते हे सिद्ध करण्यासाठी खिडकीपुढे उभे राहावे लागते, तेव्हा तिच्यासमोर शुक्ला पान चघळत बसला असेल तर तिला ते विनोदी वाटणे शक्य नाही. आणि समोर एखादा सहृदय कारकून असेल, जो उठून खुर्ची देतो, कोणता कागद कोठे मिळेल ते चिठ्ठीवर लिहून देतो, तर त्याच्यावर मालिका निघत नाही. असे कारकून आहेत. या सभागृहातही असतील.

या बाईचे मत कोणी मोजले असते तर ते काय निघाले असते? प्रश्न काल्पनिक वाटेल, पण त्याला व्यवहाराची बाजू आहे. मालिका चालते की बंद पडते हे टीआरपीवर ठरते. 'ऑफिस ऑफिस'च्या काळात हे मोजमाप 'टॅम' संस्था करीत असे आणि तिची यंत्रे प्रामुख्याने लाखावर वस्ती असलेल्या शहरांतील घरांत होती. ग्रामीण भारत त्या आकड्यात नव्हताच. अमित मित्रा समितीने जानेवारी २०११ मध्ये अहवाल दिला, तेव्हा साऱ्या देशात सुमारे ८ हजार यंत्रे होती. ती पाच वर्षांत ३० हजारांवर न्यावीत आणि त्यांतील निम्मी खेड्यांत बसवावीत, अशी शिफारस समितीने केली. पुढे 'बार्क' संस्था आली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रथमच ग्रामीण प्रेक्षकांचे आकडे समोर आले. त्यासरशी दूरदर्शन आणि फुकट दिसणाऱ्या वाहिन्या एकदम वर चढल्या. म्हणजे खेड्यातला प्रेक्षक इतकी वर्षे पाहत होता. मोजणाऱ्याच्या लेखी तो नव्हता एवढेच.

त्यातही आपल्याकडचा प्रेक्षक केव्हा पाहणार, हा प्रश्न होताच. त्या वर्षांतील भारनियमन आठवून पाहावे. संध्याकाळी ज्या वेळी मालिका, त्याच वेळी वीज गेलेली. वीज कार्यालयावरचा भाग वीज नसल्याने पाहता आला नाही, असे ज्या घरी घडले असेल, त्या घराला त्या भागाची गरजही नव्हती.

मालिकेनंतरच्या काळात टेबलाच्या अलीकडच्या माणसाच्या हाती काही साधने आली. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा कायदा २००२ मध्येच केला होता. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. फाइल एका टेबलावर सात दिवसांहून अधिक रेंगाळू नये, असे सांगणारा विलंब प्रतिबंधाचा कायदा २००६ मध्ये अमलात आला आणि २०१५ मध्ये लोकसेवा हक्काचा अधिनियम झाला. आता दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे, याचा फलक कार्यालयात असतो. फलक वाचून त्याप्रमाणे लेखी पोच मागणारे अजून थोडे आहेत. अर्ज दिला की पोच घ्यावी, तारीख टाकून घ्यावी, मुदत संपली की अपील करावे, एवढे तरी आपल्या गावातील दहावी झालेल्या मुलाला शिकवणे अवघड नाही. आठवड्यातला एक बाजारचा दिवस ठरवून दोन तरुण तहसीलच्या आवारात अर्ज लिहून द्यायला बसले, तरी पोडावरून आलेल्या माणसाचा एक हेलपाटा वाचेल.

मुसद्दीलाल पुढे २०११ मध्ये 'चला मुसद्दी ऑफिस ऑफिस' या चित्रपटात मोठ्या पडद्यावर आला. तिथे तो निवृत्त झालेला आहे. तीर्थयात्रेहून परततो, तो निवृत्तिवेतनाच्या कागदांवर त्याला मृत ठरवलेले असते. समोर उभा असलेला माणूस जिवंत आहे याला पुरावा काय, असा प्रश्न त्याला टेबलापलीकडून विचारला जातो. चित्रपट साधारणच होता, मालिकेची चटक त्यात नव्हती. पण दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्या गुरुजींना त्याचे कथानक ऐकवून पाहावे. ते हसतील, आणि हसता हसता आपला दाखला पिशवीत आहे ना, हे हाताने चाचपून पाहतील.