मुसळीचे बेणे कुठून आले?
(केळापूर तालुका बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत मुसळीचे काय काम, असे कोणी म्हणेल. २००० नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात सफेद मुसळीचे बेणे महागात विकले गेले. 'माल आम्हीच उचलू' म्हणणारे अनेक ठिकाणी पुन्हा फिरकले नाहीत. भावाची चर्चा खूप झाली. बेण्याची राहून गेली.

मुसळीचे बी कमी उगवते, म्हणून आपण माथ्याच्या तुकड्यासह मुळांची बोटे लावतो. अशी लेक आईची हुबेहूब नक्कल असते. एकाच झुपक्यापासून वाढवलेले बेणे दहा गावांत गेले, तर दहा गावांत एकच झाड उभे आहे. मूळकूज एका वावरात पसरली की बाकीच्यांत तिला अडवणारे काही नाही. आपल्या आज्या ज्वारीचे बी एकाच कणसाचे ठेवत नव्हत्या, त्या काही उगाच नाही.

रानात मुसळी बियांवरही वाढते, म्हणून तिथे वेगळेपण टिकते. पण पाने वाळली की ती सापडत नाही. म्हणून भर पावसाळ्यातच, बी पडायच्या आत ती खोदली जाते. खोदणाऱ्या आदिवासी बांधवाला आम्ही दोष देत नाही. त्याला घाई लावणारा व्यापारी असतो.

मग वेगळेपण मोजायचे कसे? प्रयोगशाळेत निरनिराळ्या ठिकाणच्या झाडांची पाने घेतात, त्यातला डीएनए काढून ताडून पाहतात. ते काम विद्यापीठाचे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींचे नागार्जुन उद्यान आहे, तिथे आपण विचारू शकतो. पण एक गोष्ट आपल्या हातची आहे. जाड मूळ पाहून फसू नका: ते जातीमुळे जाड की काळ्या मातीमुळे, हे नुसते पाहून कळत नाही. चार ठिकाणचे बेणे एकाच वाफ्यात, एकाच दिवशी, शेजारी लावा आणि दोन हंगाम पाहा. तरी राहिला फरक, तर तो जातीचा. मूळ दोऱ्याला लोंबत असेल, तर ती मुसळीची दुसरीच जात. बोटे थेट माथ्यातून निघाली पाहिजेत.

टिपेश्वर अभयारण्यातून मात्र काही आणू नका. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावाला समिती व नोंदवही दिली आहे. मुसळी कुठल्या टेकडीवर आहे, ते त्या वहीत लिहा.

पुढच्या बैठकीला येताना बेणे विकणाऱ्याची पावती आणा. मूळ झुपके किती होते आणि कुठले, हे त्यावर लिहिलेले नसेल, तर तसे आम्हाला सांगा.